इराण्याचं शिंग

अरे, मी शारजात एसी दुरुस्त करायचो ना, तेव्हाचं सांगतो. एका म्हाताऱ्या इराण्याच्या दुकानात शिडीवर चढलो, तर भिंतीवर शिंग टांगलेलं! गावी पालखीपुढे मीच शिंग फुंकायचो. राहवलं नाही, काढलं आणि फुंकलं.

म्हातारा आतून धावतच आला. म्हटलं खलास, नोकरी गेली.

तो ओरडलाच नाही. त्याचा बाप म्हणे गावच्या हमामात कामाला होता. पहाटे पाणी तापलं की हेच शिंग फुंकून लोकांना आंघोळीला बोलवायचा.

"तीस साल मैंने नहीं बजाया," म्हणाला. "डर था, बाबा का आवाज नहीं निकला तो?"

मी हळूच विचारलं, "निकला?"

"नहीं." त्यानं शिडी घट्ट धरली. "उतर मत. फिर बजा."