शेजारची सीट

भावजी : आणि डोळे का मिटले होते, वहिनी?

वहिनी : प्रार्थना करत होते.

भावजी : चौकात? चालत्या गाडीत?

वहिनी : तो ट्रक अंगावरच आला. म्हटलं, प्रभू, आता तूच बघ.

भावजी : म्हणून स्टिअरिंगही सोडलंत!

वहिनी : त्याच्या हातात दिलं.

भावजी : आणि मी हँडब्रेक ओढला, म्हणून आपण आहोत.

वहिनी : ओरडू नका हो. तुमचे दादा कधी ओरडले नाहीत माझ्यावर.

भावजी : दादानं कधी गाडीच दिली नाही तुमच्या हातात.

वहिनी : तेही खरंच. ह्यांच्या किडन्या गेल्या, तेव्हा कुठे किल्ली मिळाली मला.

भावजी : चुकलं माझं. अंधारात ब्रेडची व्हॅन काढली, मग दादाला डायलिसिसला सोडलं. पाठ टेकलेली नाही अजून. चला, सुरू करा गाडी. तो वाट बघत असेल दवाखान्यात.

वहिनी : मलाच कंटाळा आलाय माझा. लायसन्सच्या मागच्या टेस्टला साहेबांनी विचारलं, "बाई, काय पुटपुटताय?" आणि नापास. उद्याही तेच होणार. सोमवारपासून बेकरीवाले तुम्हाला बाहेरगावच्या फेरीवर पाठवणार, भाड्याची गाडी आपल्या गल्लीत ऐनवेळी येत नाही. मग ह्यांना नेणार कोण?

भावजी : तुम्ही.

वहिनी : मी नाही हो. मी आपलं सगळं प्रभूवर सोपवते.

भावजी : सोपवत नाही तुम्ही, अंग काढून घेता. दुसरा गिअर टाका... हं. माझ्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर मी क्रेट ठेवत नाही. कितीही माल असो.

वहिनी : का?

भावजी : हसाल.

वहिनी : हसायचं त्राण कुठे आहे मला?

भावजी : प्रभू बसतो तिथे. माझा पार्टनर.

वहिनी : बरं. मग करतो काय तो?

भावजी : बसतो. माझी रडगाणी ऐकतो. दादाला बरं का करत नाहीस म्हणून मी भांडतो, तेही ऐकतो. क्लच मात्र मलाच दाबावा लागतो.

वहिनी : बोलतो कधी?

भावजी : बोलला तर मी व्हॅन खांबावर घालीन! पण एकटा नसतो, वहिनी. तेवढ्यावर दिवस निघतो माझा.

वहिनी : मी तर त्याला एकदाही शेजारी बसवलं नाही. नुसतं पुढ्यात टाकत राहिले, हे बघ, ते बघ. भावजी, पुढे सिग्नल आहे. हात आहे ना हँडब्रेकवर?

भावजी : आहे... तुम्ही चालवा...

वहिनी : लाल झाला. थांबले बघा, गचका न देता. बघितलंत? भावजी? अहो, हात सुटला तुमचा! भावजी, उठा!

(भावजी तोंड उघडं टाकून झोपलेला. सिग्नल हिरवा होतो. मागची गाडी हॉर्न वाजवते.)

वहिनी : थांबा हो, निघते! ...नको. झोपू दे बिचाऱ्याला. प्रभू, डोळे उघडे ठेवून बोलतेय हं. हात माझेच राहतील. तू नुसता जवळ बस. मला फार भीती वाटते. ह्या वळणाची नाही. हे हळूहळू संपत चाललेत आणि मी रोज हसून चहा करते, त्याची. तुला कधी सांगितलंच नाही हे. नुसतं 'तू बघ, तू बघ'. दमलेय रे मी. ...ही बस आपल्यालाच आडवी यायची होती! ब्रेक. हं. जाऊ दे तिला पुढे. आता डावीकडे. आरशात बघितलं मी, बघितलं. ते बघ, गेटपाशी उभे आहेत. केवढेसे दिसतात लांबून.

दादा : अगं, हा तर घोरतोय! मग गाडी आणली कोणी?

वहिनी : हळू बोला. आम्ही दोघांनी आणली. बसा मागे, आणि दार अलगद लावा.