लाल की पांढरी?

सुरतमध्ये उधन्याच्या स्टॉपवर बस काही येईना आणि नूतनच्या मागे बसलेल्या नवरा-बायकोचं गाडीचं काही ठरेना.

"पांढरीच घेऊ. एसी कसा बर्फासारखा आहे."

"मला लाल आवडली."

"अगं, तिचा एसी बंद आहे! दोन्ही सारख्याच जुन्या, भावही सारखा. मग उकडून कशाला मरायचं?"

"पांढरीच्या काचा काळ्या आहेत. आत कोण बसलंय, गावात कोणाला दिसणार?"

"मग काच खाली कर."

"एसी चालू असताना? पंखा चालू असताना दार उघडं राहिलं तरी बोंबलता तुम्ही!"

"गावाला काय दाखवायचंय एवढं?"

"गावाला नाही हो, तुमच्या वहिनीला. सुरतला जाऊन काय दिवे लावणार, म्हणाली होती ना?"

"उषा, तेव्हा आपलं लग्न नुकतं झालं होतं. आता पोराचं करायला आलो!"

"म्हणून तर म्हणते, लाल घ्या. वहिनीच्या दारावरून सावकाश न्यायची."

मग उषालाच शंका आली.

"अहो, पण वहिनी ओट्यावर नसली तर?"

"हॉर्न वाजवू की. लालचा हॉर्न चांगला दणकट आहे, मी वाजवून बघितलाय."