गालावरची फुंकर

नाही ताई, नेम सुधारून देतो, जोर वाढवून नाही देणार — हो, बाहेरच्या पाटीवर दोन्ही लिहिलंय, पाटी जुनी आहे, पुसायची राहिली. आणा इकडे. वा, जिवापाड जपलीय हो बंदूक! आठ पंपांची ना? आठदा दांडा ओढायचा, हवा भरायची, एक छर्रा उडवायचा. आता नळीच्या तोंडाची ही कड बघा — नख फिरवा — एका बाजूला खरवडलीय की नाही? छर्रा बाहेर पडताना हवा इथून आधी निसटते आणि त्याला ढकलते, म्हणून तुमचा प्रत्येक छर्रा डावीकडे. आणि तुम्ही म्हणताय हात हलतो. हात नाही हलत! उगाच हाताला बोल लावू नका — माणसं फार लवकर स्वतःच्या हाताला बोल लावतात, मी पाहिलंय ते. कड घासून देतो, घोडा जरा हलका करतो, चार दिवसांनी या.

ती खरखर? ते बाबा, पडद्यामागे. चामड्याचे वायसर घासतात, हवा धरून ठेवायला आत बसवतो ना, ते. दिसत नाही त्यांना — एक डोळा त्याच दिवशी गेला, दुसरा त्याच्यामागोमाग — पण बोटांना अजून केसाएवढा फरक कळतो. त्याच दिवशी म्हणजे — जुनी गोष्ट आहे, सोडा. छर्रे कुठले वापरता?

हे बघा, पुन्हा जोरावर आलात. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, नेमाचा फळा लांब आहे, सगळं खरं, पण नाही म्हणजे नाही. येत नाही म्हणून? छे! इतकं येतं की काय सांगू. पाच वर्षं दूर राहून हेच तर शिकलो — हवा, दाब, झडपा. परत आलो तेव्हा डोक्यात नुसती आग होती हो, या दुकानाचं सोनं करीन म्हणून. वेग मोजायचं यंत्र आणलं, भिंतीवर तक्ते लावले. आणि बाबांची तपासणी काय, तर फुंकर! खरंच. दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक घ्यायची, छर्रा न घालता एकच पंप मारायचा, तोंड गालाशी धरायचं आणि घोडा ओढायचा. तळहात घट्टे पडून मेलेले, म्हणून गाल. फुंकर गोल आली तर वायसर बसला, फाटकी आली तर पुन्हा खोला. मी हसायचो. म्हणायचो, बाबा, गालाला आकडे कळतात का? ते म्हणायचे, तुझ्या यंत्राला फुंकर कळते का? रागवायचे नाहीत कधी.

मग एक बंदूक घेतली — अशीच, तुमच्यासारखीच — आणि बाबांना न सांगता उघडली. आतली हवेची जागा मोठी केली, झडपेला कडक स्प्रिंग घातली. बारा पंप मारले. आणि काय सांगू ताई, यंत्रावरचा आकडा असा उडाला! वर आणखी एक गंमत — एका बारात सगळी हवा सुटतच नव्हती. झडप पटकन मिटायची, निम्मी हवा आतच राहायची. एका भरणीत दोन छर्रे! मला तर आकाश ठेंगणं झालं. म्हटलं, उद्या बाबांना दाखवतो, मग बघू फुंकर मोठी की यंत्र मोठं. आणि बंदूक नेहमीच्या खिळ्याला टांगली. तशीच, उरलेली हवा आत ठेवून. चिठ्ठी नाही, काही नाही.

त्यांच्या लेखी, घोडा ओढला की बंदूक रिकामी. चाळीस वर्षं तसंच होतं ना! सकाळी दुकान उघडलं, खिळ्यावरची काढली, एक पंप मारला, गालाशी धरली — मी आंघोळ करत होतो. आवाज घरापर्यंत आला. सगळी हवा गालावरून सरळ डोळ्यात. फुंकरीला आवाज नसतो हो ताई. फुंकरीला आवाज नसतो.

डॉक्टरांनी विचारलं, किती हवा होती? बाबा म्हणाले, एक पंप. डॉक्टर म्हणाले, एका पंपाने असं होत नाही. मी तिथेच उभा होतो. मी काय केलं? मी म्हटलं, औषधं आणतो. आणि औषधं आणायच्या आधी इथे आलो, या टेबलावर ती बंदूक उघडली, कडक स्प्रिंग काढली, जुनी घातली, आतला भाग बदलला — होती तशी केली, अगदी होती तशी. माझ्या हातून इतकं चोख काम पुन्हा कधी झालं नाही.

तीन आठवड्यांनी घरी आले. पहिल्यांदा काय मागितलं? तीच बंदूक. एक पंप मारला, तळहात पुढे धरला, मग मनगट, मग — मी डोळे मिटले — पुन्हा गाल. नुसती फुंकर आली. गोल. हसले. म्हणाले, "बंदूक चांगली आहे रे. माझंच मोजणं चुकलं." झालं. त्या दिवसापासून बंदुकीला हात नाही. फक्त वायसर. आणि मोजणं — पायऱ्या मोजतात, चहात साखर घालताना चमचे मोजतात, मोठ्याने, दोनदा, आणि मला विचारतात, बरोबर ना रे? मी म्हणतो, बरोबर. सात वर्षं झाली. ती स्प्रिंग — ही बघा, खिशातच असते. किती एवढीशी आहे! रोज वाटतं, आज सांगू. मग वाटतं, सांगितलं तर त्यांना त्यांचा हात परत मिळेल, आणि मुलगा —

माझा आवाज चढला होता का? केव्हापासून? नाही, थांबा, जरा गप्प बसा. ऐका. काही ऐकू येतंय? मलाही नाही.

खरखर थांबलीय.

तुम्ही निघा ताई. बंदूक राहू द्या — नको, घेऊनच जा. जा म्हणतो ना! दार लोटून घ्या.

बाबा?