पंगतीचं शूटिंग

आता माझ्या आठवणीवर तुम्ही फार विसंबू नका, मीही विसंबत नाही, संख्याशास्त्रात पीएच.डी. करूनही कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, पण तुम्हाला सांगतो, आमच्या आरतीच्या लग्नात मला छळलं ते त्या नगरच्या अमृत व्हिडिओवाल्याने... 'सर, सिनेमॅटिक घ्यायचं का ट्रॅडिशनल?' पस्तीस वर्षं मुलांना नमुना कसा निवडावा ते शिकवलं, आणि इथे दोनच पर्याय, तर मला घाम.

सिनेमॅटिकमध्ये म्हणे नवरा-नवरी उसाच्या कडेने सावकाश चालतात आणि पाहुणे मागे धूसर. मग पाहुण्यांना बोलवायचं कशाला? आरती म्हणाली, 'बाबा, तासभर पंगत कोण बघतं?' बरोबर आहे. म्हणजे, असावं.

तेवढ्यात अमृतने ट्रॅडिशनलचा नमुना लावला. कोल्हारचं लग्न, गेल्याच महिन्यातलं. कॅमेरा पंगतीत एकेका चेहऱ्यावरून सरकतोय... आणि तिथे मनकर्णा. माझी बायको. चार वर्षांपूर्वी वारलेली. वाढप्यापुढे ताटावर आडवा हात धरून 'बास, बास', मग ताटातली बुंदी हळूच शेजारणीच्या ताटात, शुगर होती ना तिला, आणि मग तिने वर बघितलं. सरळ माझ्याकडे.

हे मी नीट पाहिलं ना? बहुधा.

आरती मोबाईलमध्ये. अमृत म्हणतोय, 'पंगत लई भारी घेतो आपन, सर.' विचारू कुणाला? मुलीला विचारावं तर लग्नाआधी मेंदूचा डॉक्टर.

मी म्हणालो, 'ट्रॅडिशनल.' आरती चार दिवस बोलली नाही. पण घरात मनकर्णाचं हलतंबोलतं चित्र एक नाही हो, फोटो आहेत, त्यांतही डोळे मिटलेले. आणि खरं सांगू? मला वाटलं, कोल्हारला गेली, तर पोरीच्या लग्नाला येणार नाही?

लग्नात मी पंगतीतून तीन फेऱ्या मारल्या. विहीणबाई म्हणाल्या, 'काय हरवलं का, व्याही?' नव्हती. बहुधा.

दोन महिन्यांनी व्हिडिओ आला. आरती आणि मी दोघंच बघत बसलो. पंगत सुरू झाली... आडवा हात, बास, बास, शेजारणीच्या ताटात बुंदी. आमच्याकडे तर गुलाबजाम होते. आरतीने रिमोट घेतला, मागे नेलं. पुन्हा मागे नेलं. संध्याकाळ झाली तरी दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.

म्हणजे तिलाही दिसली ना? बहुधा... मी विचारलंच नाही.

सहा वर्षांनी धीर करून अमृतला विचारलं. तो लाजलासुद्धा नाही. 'सर, स्टेजवरचे फोटो उरकूस्तवर निम्मी मान्सं जेवून उठत्यात. मग आमी जुन्या लग्नातली पंगत जोडतो. त्या मावशी लई झ्याक जेवत्यात.' त्याच्या कॉम्प्युटरपुढे बसून मी स्वतः मोजून खात्री केली. ती गेल्यापासून तेवीस लग्नांना जेवून आली आहे, आणि त्यांतल्या दोनच लग्नांचं आमंत्रण मला होतं.