चौथऱ्यावरची आई

लारिश्का : नाही म्हणजे नाही. गोल डोक्याची बाई आजवर नाटकाच्या त्या चौथऱ्यावर चढलेली नाही.

सेविंच : मग आज कोण चढणार, आई? तुमचा घसा बसलाय. मोठ्यानं चार शब्द बोललात की खोकून खोकून डोळ्यांत पाणी येतंय.

लारिश्का : कुणी नाही चढणार. संपलं.

सेविंच : विहारातले थोरले भिक्षू काय म्हणाले ते ऐकलंत ना? यंदा रथांच्या उत्सवात नाटकातल्या आईचं काम तुमच्या कुचा गावच्या बोलीत झालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून सगळं नाटक आम्हा उइघुरांच्या भाषेत.

लारिश्का : तुझ्या माहेरच्यांना बरंच आहे की.

सेविंच : माहेरच्यांचं सोडा. मला पाठ आहे.

लारिश्का : काय पाठ आहे?

सेविंच : आईचं सगळं बोलणं. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, द्राक्षं वाळत घालताना तुमचं तेच चालू असतं. मला दिलेल्या शिव्या वेगळ्या, त्याही पाठ आहेत.

लारिश्का : आम्ही तान्ह्याच्या कपाळाला फळी बांधतो ती काय उगाच? डोकं चपटं झालं की बोली त्यात नीट बसते, असं माझी आजी सांगायची.

सेविंच : शेजारच्या तिघी पोरींना बांधली होतीत ना फळी? बाजारात माझ्या माहेरच्या भाषेत भांडतात त्या.

लारिश्का : तेच तर दुखतंय गं. आमचे पूर्वज कुठून आले विचारलं, तर कुणी म्हणतं पश्चिमेच्या गवताळ रानातून, कुणी म्हणतं बर्फाच्या डोंगरापलीकडून. नक्की कुणालाच ठाऊक नाही. आम्ही संपत चाललोय ते मात्र मी डोळ्यांनी बघतेय. लढाई नाही, दुष्काळ नाही, एकेका घरातून नुसते ओसरतोय.

सेविंच : मग तो नाटकातल्या आईचा निळा झगा द्या इकडे. चुकले तर खाली बसून खुशाल हसा.

लारिश्का : घे. लोकांनी खरबुजाच्या साली मारल्या, तर माझं नाव सांगू नकोस.

(त्याच दिवशी, दुपारी. मूर्तींचे रथ विहारात परतले आहेत. दोघी चौथऱ्यामागच्या सावलीत बसल्या आहेत.)

लारिश्का : मधेच थांबलीस का?

सेविंच : विसरले. मुलगा भिक्षू व्हायला निघतो आणि आई त्याला निरोप देते ना, तिथेच. एक शब्द आठवेना.

लारिश्का : मग जे बोललीस ते नाटकात नाही.

सेविंच : माहितीये. तुमचा लेक व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाला, तेव्हा वेशीवर तुम्ही त्याला म्हणालात ते. "जा. मागे वळून बघू नकोस. मी रडत असेन आणि तू थांबशील." तेवढंच तोंडात आलं.

लारिश्का : भर चौकात माझं रडणं काढलंस.

सेविंच : रागावलात?

लारिश्का : कसली रागावते. आपल्या गल्लीतला खाटीक, रोज मला सांगतो की बोली पार विसरलोय म्हणून, तो ताडकन उभा राहिला. आपल्या बोलीत म्हणाला, "जाऊ दे त्याला, माये." मग त्याची बायको म्हणाली. मग मागची सगळी रांग. ज्यांच्या तोंडून मी वर्षानुवर्षं आपला एक शब्द ऐकला नव्हता, ती माणसं गं.

सेविंच : मला वाटलं, हाकलतायत.

लारिश्का : थोरल्या भिक्षूंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुढच्या वर्षीही आई आपल्याच बोलीत बोलणार आणि हीच बोलणार. डोक्याचं कुणी नावही काढलं नाही.

सेविंच : तुम्हीसुद्धा?

लारिश्का : मी कशाला काढतेय? खरं सांगू? ही बोली बोलणारी मी शेवटची, माझ्यामागे कुणी नाही, हे सांगत फिरायला मला आवडायचं. गावात मान होता त्याचा.

सेविंच : मग आता?

लारिश्का : गेला तो मान. आज चारचौघांत साफ खोटी पडले, आणि एवढा आनंद मला लेकाच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता.

सेविंच : चला, घरी जाऊ. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

लारिश्का : थांब जरा. चौकात अजून आपल्या बोलीत बोलतायत. ऐकू दे.