पुस्तकातला भूतकाळ

डोळ्यांत औषध घालून आजी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी तसंच औषध घातलेली एक बाई नवऱ्यावर कडाडली.

“अहो, झोपलात की काय? ‘घेणे’ची रूपं विचारा. फ्रेंचमधला भूतकाळ, पुस्तकातला.”

“हा काळ तिथली माणसंसुद्धा बोलत नाहीत म्हणे!”

“मला बोलायचं नाही, कादंबऱ्या वाचायच्यात. घरात तरी माझ्याशी कोण बोलतं?”

“या वयात परीक्षा! लोक हसतील.”

“हसू देत. तिशीत हीच परीक्षा होती, तेव्हा तुमची बदली झाली. सामान मी बांधलं आणि परीक्षाही माझीच बुडाली.”

“झालं! उगाळ जुनं. उद्या मला परीक्षेला सोडायला जमायचं नाही, सांगून ठेवतो.”

“बसने जाईन. आज वाचता येत नाही म्हणून तुमच्या नाकदुऱ्या काढतेय. विचारा!”

आतून नर्सने आजींना हाक मारली. “जरा दम धर गं,” म्हणत त्या बसूनच राहिल्या. शेजारी पान उलटलं.

“‘मी’?”

“झ प्री.”

“‘आम्ही’?”

“नू प्रीम.”

“‘ते’?”

“इल प्रीर.”

“बरोबर आहे की गं!”

“ते मला ठाऊक आहे. पुढचं विचारा.”