मधली जागा

—नाही कुठे म्हणालो मी? 'हो'च म्हणालो. तू हात जोडलेस, कमरेत वाकलास, 'खॉ थाय रूप दाय माय ख्रप' म्हणालास — फोटो काढू का, चालेल का, आणि वर शेपटीला ते आदराचं 'ख्रप' — इतकं गोड तर माझा सख्खा जावई बोलत नाही, आणि त्याला मी नांगरायचं यंत्र घेऊन दिलंय. मग माझ्या तोंडून 'दाय' निसटलं. काढ म्हटलं. पण खरं सांगू, चूक तुझीच. बाकीचे परदेशी येतात, टपकन काढतात आणि चालू पडतात — मला ते बरं पडतं. मी तोंड फिरवतो, पाठीमागून दोन शिव्या घालतो, विषय संपला. तू विचारलंस. विचारणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची सोय आमच्या उथाय थानी गावात कुणी करून ठेवलेली नाही. थांब, थांब, ते डोळ्याला लावू नकोस अजून. बस त्या स्टुलावर. कॉफी पी. मी बोलतो ते कळतंय ना? मान हलवतोस, छान. मघाशी हेंग शिंकला तेव्हाही हलवलीस म्हणा.

तर हेंग म्हणजे हा, उजवीकडचा. तांदळाच्या गिरणीत वजनं मारण्यात जन्म गेला — मारण्यातच म्हणालो मी, हेंग, तू दात काढू नकोस. डावीकडे चारून. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणजे होडी नदीच्या मध्यावर गेल्यावर बंद पडेल इतपत. आणि दोघांच्या मधे कोण? मी. थवीनकाका. आता मोज. तिघं झाले. तुमच्याकडे काय समजतात माहीत नाही, पण आमच्याकडे तिघांचा फोटो काढला की मधला आधी जातो. कुठे जातो म्हणजे? देवळामागं ते प्रेतं जाळायचं धुराडं दिसतं ना, तिथे.

मी मानत नाही हं असलं काही. बाजारात कुणालाही विचार. मी स्मशानातून येताना एका भुताकडे विडीला विस्तव मागितला होता. त्याने बोट पुढे केलं, पेटलेलं. मी विडी शिलगावली आणि म्हटलं, बाबा, नखं काप. तीस वर्षं हे सांगतोय या दोघांना, म्हणून तर बघ कसे बसलेत — केस चापून, कॉलर सरळ करून, गालातल्या गालात. वाट बघतायत, थवीन घाबरतो का. घाबरतो कसला. फक्त मी म्हटलं, हेंग, जरा इकडे मधे ये, तर म्हणतो उन्हाने डोळे दिपतात. सकाळपासून ऊन नाही. चारूनला म्हटलं, तर तो म्हणतो मी हेंगच्या शेजारी बसत नाही. नाहीच बसत ते. बुद्धिबळाच्या पटावर हेंगने त्याची होडीची सोंगटी ढापली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलतात ते माझ्यातर्फे. 'थवीन, त्या चोराला सांग साखर दे.' 'थवीन, त्या रडक्याला सांग संपली.' मी भिंत आहे इथली. उठून उभा राहू म्हणतोस? तोच तर घोळ आहे. उठलो की हे दोघं संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगणार, थवीन फोटोला भ्यायला.

चौथा हवा. चौघं असले की मधला कुणीच नाही. पण दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तू ये — पण मग दाबणार कोण? कुत्र्याला मांडीवर घेऊ म्हटलं, तर हेंग म्हणतो कुत्रं धरत नाहीत. कुणी ठरवलं हे?

बाजारात बोभाटा झाला तर काय बिघडलं, असं तुझ्या तोंडावर दिसतंय. बिघडतं. हळू बोलतो. ही कॉफी ज्यांनी केली त्या लामदुआनबाई — नाही, आत नाहीयेत, मागे भांडी घासतायत, पाण्याचा आवाज येतोय. दोन नवरे झाले त्यांचे. पहिला ताडावरून पडला — रसाचं मडकं शाबूत, तो नाही. दुसऱ्याला लॉटरी लागली आणि आनंदाने गेला, तीही शेवटच्या आकड्याचीच लागली होती, मोठी लागली असती तर काय झालं असतं देव जाणे. माझीही बायको जाऊन खूप वर्षं झाली. तर मी विचारलं. तुझ्यासारखंच, हात जोडून. चारून, तू नदीकडे बघ, तुझ्याशी बोलत नाहीये मी. तर त्या म्हणाल्या, थवीन, दोनदा मी चितेवर चंदनाची फुलं वाहिली, दोनदा तांदूळ शिजवून गाव जेवू घातलं, आता तिसऱ्यांदा नाही. ज्याला माझ्यामागे राहता येईल, त्याने यावं. आधी मी जाणार. तेवढं जमणार असेल तर उद्या उपोसथाचा दिवस आहे, देवळातून आल्यावर हो की नाही ते सांगते.

उद्या, कळलं? आणि आज तू मला मधे बसवून कळ दाबणार. उद्यापर्यंत तो फोटो त्यांच्या कानावर जाणार. 'अगं लामदुआन, थवीनचं काही खरं नाही, मधे होता.' भुताचं मी सांगतो रे, पण रात्री दोनदा उठून माझंच नाक तपासतो, श्वास चालू आहे ना म्हणून. पूर्वी नव्हतो तपासत. पूर्वी गेलो असतो तर गेलो असतो. आता कुणीतरी म्हणालंय की मागे राहा, तर—

पाण्याचा आवाज कधी थांबला?

हेंग, असा काय बघतोस दाराकडे? ... लामदुआनबाई, हा पाहुणा, फोटो काढतो म्हणतो, आम्ही आपलं असंच... किती वेळ उभ्या आहात? बरं. नाक तपासतो तिथपासून. बरं.

बघ बाळा, आता चौघं झाले, सुटलो— नाही, हेंगला कुठे उठवताय? दूध उतू जातंय? दुधाच्या डब्याला आग कुठे आहे, डब्यातलं दूध आहे ते. बघ, गेला. माझ्यासाठी तसूभर हलला नव्हता. आणि मी सरकू? इकडे, काठावर? सरकलो. अहो, पण तिथे नका बसू. चारूनच्या नि माझ्या मधे नका बसू. चारून आहे, मी आहे, हेंग गेला, म्हणजे तुम्ही—

काय म्हणाल्या? ठरल्याप्रमाणे?

चारून, हसू नकोस रे.

कमरेच्या फडक्याला हात पुसून माझा सदरा नीट करतायत बघ. तुला म्हणतायत, काढ. तू ऐकू नकोस. खाली घे ते. खाली. मी हो म्हणालो होतो, आता नाही म्हणतो — हो, तोंडावर म्हणतो, जगात पहिल्यांदा म्हणत असेन. नाही काढायचा फोटो. मला नाही राहायचं मागे. कॉफीचे पैसे ठेवू नकोस, स्टूल भिंतीला लाव, आणि नदीवर बदकं आहेत, त्यांना विचार जा.